पगार, आयकर आणि आपली साक्ष



जानेवारी महिना लागला की शाळा, महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या आणि कंपन्यांमधून लेखा विभागाचे एक परिपत्रक फिरू लागते: बचतीचे पुरावे द्या, घरभाड्याच्या पावत्या द्या, म्हणजे मार्चच्या आत आपल्या पगारातील आयकराचा हिशेब पुरा करता येईल. या दिवसांत मशिदीत मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एका प्रश्नाची दरवर्षी भर पडते. तो सहसा चारचौघांत विचारला जात नाही. इशाच्या नमाजनंतर माणसे पांगली की कुणीतरी थांबते.

असेच एक गृहस्थ थांबले होते. नोकरदार, नमाजचे पाबंद, दरवर्षी रमजानमध्ये हिशेबाने जकात काढणारे. हजला जाण्याची तयारी चालू होती. म्हणाले, “मौलाना, वडिलांच्या घरात राहतो, भाडे काही देत नाही. पण चार वर्षे मेव्हण्याच्या सहीने भाड्याच्या पावत्या दिल्या. महिना ८,३०० रुपये. आता हजचे पैसे बाजूला काढताना मनात शंका येते. हा पैसा हलाल आहे ना?” मी काही बोलण्याआधीच त्यांनी आपली दोन समर्थनेही मांडली. पहिले असे, की सरकारची कररचनाच अन्यायाची आहे. पगार जरा वाढून वरच्या टप्प्यात गेला की सगळ्या पगारावर जास्त दराने कर बसतो आणि वाढ मिळूनही हातात कमी येते. दुसरे असे, की आयकर म्हणजे जकात नव्हे. तो अल्लाहचा हक्क नाही, तेव्हा त्यात थोडे इकडेतिकडे केले तर गुनाह कसला?

ही दोन समर्थने त्या गृहस्थांचीच आहेत असे नाही. आपल्या घराघरांतून ती ऐकू येतात. म्हणून त्यांचा विचार या पानांवर सविस्तर करावा असे वाटले. पहिले समर्थन माहितीच्या अभावातून आले आहे आणि दुसरे दीनच्या अपुऱ्या समजुतीतून. पहिल्याची दुरुस्ती आधी करू. कारण ज्या गोष्टीला आपण जुलूम म्हणतो ती नेमकी काय आहे हे न पाहता तिच्यावर निवाडा देणे हेही न्यायाला धरून नाही.

निसाबाची सवय आणि आयकराचे टप्पे

पगार वाढल्याने हातात कमी येते हा गैरसमज सर्वच समाजांत आहे. पण आपल्यात तो पक्का रुजण्याचे एक खास कारण असावे असे मला वाटते. आपल्याला लहानपणापासून निसाब ठाऊक असतो. साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी संपत्ती गरजेपेक्षा जास्त असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष लोटले असेल, तर जकात फर्ज होते. ती निसाबाच्या वरच्या भागावर नव्हे, तर संपूर्ण रकमेवर अडीच टक्के द्यावी लागते. उंबरठ्याच्या अलीकडे काहीच नाही. उंबरठा ओलांडला की सगळी रक्कम हिशेबात. मेंढ्यांच्या जकातीतही असेच उंबरठे आहेत. ४० पासून १२० पर्यंत एक मेंढी. १२१ वी मेंढी कळपात आली की दोन. हा नमुना मनात ठेवून आपण आयकराच्या तक्त्याकडे पाहतो आणि तिथेही तसेच असेल असे धरून चालतो.

आयकराचे टप्पे तसे नाहीत. आर्थिक वर्ष २०२५-२६ ची नवी करप्रणाली उदाहरणादाखल घेऊ. करपात्र उत्पन्नातील पहिल्या ४ लाखांवर कर शून्य. ४ ते ८ लाखांमधील भागावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांमधील भागावर १० टक्के, १२ ते १६ मधील भागावर १५, १६ ते २० मधील भागावर २०, २० ते २४ मधील भागावर २५ आणि २४ लाखांच्या वरच्या भागावर ३० टक्के. यातील ‘भागावर’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक दर फक्त त्या त्या टप्प्यात पडणाऱ्या रुपयांना लागतो. खालच्या टप्प्यांतील रुपये आपल्या जुन्याच दरावर राहतात.

एका नोकरदाराचा वार्षिक पगार १६ लाख ७५ हजार आहे असे समजा. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न उरले १६ लाख. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढच्या ४ लाखांवर २० हजार. त्यापुढच्या ४ लाखांवर ४० हजार. शेवटच्या ४ लाखांवर ६० हजार. एकूण कर १ लाख २० हजार. त्यावर आरोग्य व शिक्षण उपकर ४ टक्के, म्हणजे ४,८०० रुपये. मिळून १,२४,८००. संपूर्ण पगाराशी तुलना केली तर हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्याही थोडे खाली येते.

आता या माणसाला १ लाखाची वाढ मिळाली आणि तो २० टक्क्यांच्या टप्प्यात गेला. समज असा की आता साऱ्या १७ लाखांवर २० टक्के कर बसणार. प्रत्यक्षात २० टक्के फक्त त्या वाढीव १ लाखाला लागतात. वाढीव कर २० हजार, उपकर ८०० रुपये. ७९,२०० रुपये त्याच्या हातात राहतात. टप्पा बदलला म्हणून वाढ नाकारणारा माणूस स्वतःचेच नुकसान करून घेतो.

हिशेब पूर्ण व्हावा म्हणून एक अपवाद सांगितला पाहिजे. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो. म्हणून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर भरावा लागत नाही. ही माफी मात्र निसाबासारखा उंबरठा आहे. तो ओलांडला की ती जाते. त्यामुळे एकदम मोठा बोजा पडू नये म्हणून सीमांत सवलत ठेवली आहे: करपात्र उत्पन्न १२ लाखांहून जितके जास्त, त्यापेक्षा अधिक कर घ्यायचा नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर टप्प्यांप्रमाणे ६१,५०० रुपये झाले असते. सवलतीमुळे १० हजार होतात, अधिक उपकर ४०० रुपये. म्हणजे १२ लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंतच्या चिंचोळ्या पट्ट्यात वाढीव उत्पन्न जवळजवळ सगळे करात जाते आणि उपकरापुरता किंचित तोटाही होतो. लोकांच्या तक्रारीत तथ्य आहे ते एवढ्या पट्ट्यापुरते. त्यावरून सगळ्या रचनेला जुलूम ठरवता येत नाही.

ज्याला अधिक मिळाले त्याच्याकडून अधिक

यावर विचारी वाचक म्हणेल: हिशेब समजला, पण तत्त्वाचे काय? जकातीचा दर सर्वांना एकच, अडीच टक्के. मग दुनियेच्या कायद्याने जास्त कमावणाऱ्याच्या वरच्या रुपयांवर जास्त दर का लावावा? मेहनत करून पुढे गेलेल्याला ही शिक्षाच नव्हे काय?

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण जकात आणि तिच्या जोडीची इतर देणी एकत्र पाहिली तर एक वेगळेच चित्र समोर येते. सोने, चांदी व व्यापारी माल यांवर अडीच टक्के. विहिरीचे पाणी ओढून, कष्ट व खर्च करून भिजवलेल्या पिकावर ५ टक्के. केवळ पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकावर १० टक्के. जमिनीत पुरलेला जुना खजिना सापडला तर त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के. इमाम इब्नुल कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’मध्ये या चढत्या दरांमागची हिकमत उलगडून दाखवली आहे: जिथे माणसाचे श्रम जास्त तिथे दर कमी, जिथे अल्लाहची देणगी कमी श्रमांत हाती येते तिथे दर जास्त. तेव्हा सर्व देण्यांना एकच दर असला तरच न्याय होतो, असे शरीयतने कुठे म्हटलेले नाही. देणाऱ्याला ते किती सोपे जाते, हेही तिने पाहिले आहे.

यावर पुन्हा म्हणता येईल की पगारही कष्टाचाच असतो. खरे आहे. म्हणूनच पहिले ४ लाख सर्वांचेच करमुक्त आहेत. वर्षाला ५० लाख कमावणाऱ्याचेही पहिले ४ लाख आणि शिपायाचे पहिले ४ लाख कायद्याच्या नजरेत एकाच सफमध्ये उभे आहेत. त्या रुपयांतून पीठ, तेल, औषध, मुलांची फी निघते. जसजसे वर जावे तसतसा रुपया गरजेचा उरत नाही, तो जादाचा होतो. काय खर्च करावे असे लोकांनी विचारले तेव्हा दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये (२:२१९) गरजेहून अधिक असेल ते, असे उत्तर आले आहे. सूरह अत्-तलाकमध्ये (६५:७) ऐपतवाल्याने ऐपतीप्रमाणे आणि ज्याची रोजी मोजकी आहे त्याने आपल्याला मिळाले असेल त्यातून खर्च करावा असे सांगितले आहे. या आयतींचा संदर्भ आयकराचा नाही, हे मला ठाऊक आहे. पहिली दानधर्माविषयी आहे आणि दुसरी तलाकनंतरच्या पोटगीविषयी. तथापि बोजा ऐपतीच्या मापाने टाकावा, हे तत्त्व दोन्हींत स्पष्ट आहे.

सूरह अल्-हश्रच्या सातव्या आयतीत युद्धाविना मिळालेल्या संपत्तीचे वाटप सांगताना कारण दिले आहे, की संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मधील एक मार्गदर्शक तत्त्व असे, की अर्थव्यवस्था अशी चालावी की संपत्तीचे केंद्रीकरण होऊन सर्वसामान्यांचे अहित होऊ नये. एक अल्लाहचे वचन, दुसरा माणसांनी केलेला दस्तऐवज. दोहोंची बरोबरी होऊ शकत नाही. पण आपण ज्या देशात राहतो त्याने स्वतःसमोर ठेवलेले हे ध्येय आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इराकच्या जमिनींची मोजणी करून पिकानुसार सारा ठरवला गेला. शहादतीच्या थोडे दिवस आधी मदीनेत त्यांनी हे काम सोपवलेल्या हजरत हुजैफा (रजि.) आणि हजरत उस्मान बिन हुनैफ (रजि.) यांना विचारले, की जमिनीला पेलवणार नाही इतका बोजा तर तुम्ही टाकला नाही ना? पेलवेल इतकाच आहे, असे दोघांनी सांगितल्यावरही, पुन्हा नीट पाहा, असे त्यांनी बजावले. सहीह बुखारीत ही हकीकत आहे. कर घेणाऱ्याने काय विचारावे, हे त्यातून शिकता येते. कर देणाऱ्याने स्वतःला काय विचारावे, हा पुढचा प्रश्न.

जकात वेगळी, कर वेगळा. पण जबाबदारी दोन्हींची

त्या गृहस्थांचे दुसरे समर्थन अर्धे खरे होते. आयकर म्हणजे जकात नव्हे. जकात इबादत आहे. तिचे आठ खर्च सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत ठरवून दिले आहेत. कर भरला म्हणून जकात उतरत नाही, आणि जकात दिली म्हणून कर माफ होत नाही. मोजणीही वेगळी: कर वर्षभराच्या उत्पन्नावर, जकात वर्ष लोटलेल्या शिल्लक संपत्तीवर. पगारातून कापला गेलेला कर आपल्या हातात आलाच नाही, म्हणून त्यावर जकात नाही. जे शिल्लक राहिले त्यावर आहे.

अर्धे चूक ते असे, की जकात नाही म्हणून जबाबदारीही नाही. काही जण यासाठी ‘मक्स’विषयीच्या हदीसांचा आधार घेतात. अन्यायाने जकात-नाके उभारून लोकांकडून वसुली करणाऱ्यासाठी हदीसमध्ये कठोर इशारा आहे, आणि त्या इशाऱ्याची धार कमी करण्याचा मला अधिकार नाही. परंतु उलमांनी प्रत्येक कराला मक्स म्हटलेले नाही. इमाम गजाली (रह.) यांनी ‘अल्-मुस्तस्फा’त आणि इमाम शातिबी (रह.) यांनी ‘अल्-इअतिसाम’मध्ये, खजिना रिकामा असून सार्वजनिक गरज खरी असेल तर श्रीमंतांवर कर बसवण्यास परवानगी दिली आहे. इब्न हज्म (रह.) यांच्या मते जकात पुरत नसेल तर गरिबांचे भरणपोषण त्या प्रदेशातील श्रीमंतांची जबाबदारी ठरते आणि शासक त्यांना त्यासाठी भाग पाडू शकतो.

ही परवानगी बिनशर्त नव्हती. तातारांविरुद्धच्या मोहिमेसाठी मिसरच्या सुलतान कुतुझला जनतेवर कर बसवायचा होता, तेव्हा शेख इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी आधी अमीरांनी आपली रत्नजडित शस्त्रे व मौल्यवान सामान विकावे अशी अट घातली. त्यानंतरच १२६० मध्ये ऐन जालूतची लढाई झाली. आलिमाने करावयाचे काम ते हे: राज्यकर्त्याला तोंडावर जाब विचारायचा. आपल्या देशातही कराचा दर नेहमीच शहाणपणाचा होता असे नाही. १९७३-७४ मध्ये अधिभारासह सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. कर वाढत गेला की लोकांचा उद्योगातील उत्साह मावळतो आणि अखेर वसुलीही घटते, हे इब्न खल्दून यांनी आपल्या ‘मुकद्दमा’मध्ये फार पूर्वी मांडले होते. तेव्हा कर कसा आकारला जातो, कुठे खर्च होतो, आपल्या वस्तीतील शाळेला आणि दवाखान्याला त्यातले काय मिळते, हे विचारणे आपला हक्क आहे. ग्रामसभेत, वर्तमानपत्रात, मतपेटीतून, न्यायालयात तो बजावावा. खोटी पावती हा त्या हक्काचा भाग होऊ शकत नाही. निषेध उघडपणे करायचा असतो. खोटी पावती लपवून ठेवावी लागते. आणि तिने अन्याय दूर होत नाही. दवाखान्यातला डॉक्टर परत येत नाही, फक्त आपल्या खात्यात थोडे पैसे राहतात.

पावतीवर सही म्हणजे साक्ष

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पगारदार माणूस लेखा विभागाला कागद देतो तेव्हा सोबत एक निवेदनही देतो, की मी दिलेली माहिती खरी आहे. भाड्याच्या पावतीवर घरमालक म्हणून जो सही करतो तो सांगतो, की ही रक्कम मला मिळाली. हे दोन्ही साक्षीचे प्रकार आहेत. मोठ्यातल्या मोठ्या गुनाहांविषयी सांगताना प्रेषित मुहम्मद (स.) टेकून बसले होते. शिर्क आणि आईवडिलांची अवज्ञा यांचा उल्लेख झाल्यावर खोट्या साक्षीकडे येताच ते सरळ उठून बसले आणि तेच पुनःपुन्हा सांगत राहिले. इतके की आता थांबावेत असे सहाबांना वाटू लागले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. खोटी साक्ष कोणाविरुद्ध आहे, त्याचा धर्म कोणता, तो व्यक्ती आहे की सरकार, असा फरक तिथे केलेला नाही.

सरकार मुस्लिम नाही, मग त्याच्याशी वचन कसले, असेही कुणी मनात म्हणेल. सहीह मुस्लिममधील एक प्रसंग त्याने आठवावा. हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे येत असताना कुरैशांनी त्यांना अडवले आणि लढाईत भाग घेणार नाही असे वचन घेऊनच सोडले. पुढे बद्रची लढाई उभी राहिली. एकेका माणसाची गरज होती, आणि वचन घेणारे तर शत्रूच होते. तरीही प्रेषितांनी (स.) दोघांना वचन पाळण्यास सांगून लढाईपासून दूर ठेवले. आपण तर या देशाचे नागरिक आहोत. त्याच्या रस्त्यांवर चालतो, त्याच्या न्यायालयात हक्क मागतो, त्याच्या शाळांत शिकतो आणि अनेकदा त्याच्याच तिजोरीतून पगार घेतो. सूरह अल्-माइदाची पहिलीच आयत करार पुरे करण्याचा आदेश देते. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी, स्वतः घेताना माप पुरेपूर भरून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी करणाऱ्यांचा धिक्कार आहे. महागाई भत्त्याची थकबाकी रुपयारुपयाने मोजून घेणाऱ्या आणि कराचा हिशेब देताना खोटा कागद पुढे करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती सूरह सावकाश वाचावी.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत अनस (रजि.) यांना बहरैनला पाठवताना जकातीविषयी जे पत्र दिले, त्यात प्रेषितांचा (स.) एक आदेश आहे: जकातीच्या भीतीने वेगळे असलेले एकत्र करू नये आणि एकत्र असलेले वेगळे करू नये. दोन माणसांच्या चाळीस-चाळीस मेंढ्या एकत्र दाखवल्या तर दोनऐवजी एकच मेंढी द्यावी लागेल. कोकणातील आपले शाफई बांधव आणि घाटावरचे हनफी बांधव या हदीसचा तपशील आपापल्या मजहबनुसार वेगळा समजतात. पण देणे चुकवण्यासाठी वस्तुस्थिती आहे त्याहून वेगळी दाखवणे अल्लाहच्या रसूलना पसंत नव्हते, हे दोघांनाही उघड आहे.

इथे एक सीमा नीट आखून घ्यावी, कारण धार्मिक माणूस कधी कधी उलट टोकाला जातो. कायद्याने दिलेली सवलत घेणे ही फसवणूक नव्हे. दोन करप्रणालींपैकी आपल्याला लाभाची असेल ती निवडणे, भविष्यनिर्वाह निधीची वजावट लागू असेल तिथे घेणे, खरेच भाडे भरत असाल तर त्याची सूट मागणे, यात काहीच गैर नाही. वडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना दरमहा खरेच भाडे दिले आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवले, तर तेही वैध आहे. पैसा खरोखर दिला गेला की नाही, सगळा फरक एवढाच. बऱ्याच जणांना आता खोट्या कागदाची गरजही उरलेली नाही. साधारण पगार असलेल्या कितीतरी शिक्षक-कर्मचाऱ्यांना नव्या प्रणालीत कोणतीही पावती न देता कर शून्य येतो. मोह गेला म्हणून गुनाह सुटला, असे होऊ नये. मन बदलून तो सुटावा.

किती रुपयांसाठी?

मी त्या गृहस्थांना कागद-पेन्सिल घेऊन बसवले. त्यांनी महिना ८,३०० च का लिहिले होते? कारण वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर गेले की घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. ८,३०० च्या हिशेबाने ९९,६०० होतात. म्हणजे ही चूक अनवधानाने झाली नव्हती. ती मोजूनमापून केली होती. जुन्या प्रणालीत भाड्यातून मूळ वेतन व महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा वजा होतो. तो त्यांच्या बाबतीत ५० हजारांच्या आसपास होता. सूट मिळाली ४९,६०० रुपयांवर. २० टक्के दराने आणि उपकरासह वाचलेला कर वर्षाला सुमारे १०,३०० रुपये.

आकडा पाहून ते बराच वेळ गप्प राहिले. हजारो रुपयांचा जुलूम चुकवत आहोत असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात महिन्याला साडेआठशे-नऊशे रुपयांसाठी त्यांनी आपली साक्ष दिली होती, आणि आपल्या पत्नीच्या भावाचीही. खोट्या पावतीचे हे दुसरे नुकसान कुणी मोजत नाही. ती एकट्याने बनवता येत नाही. कुणाला तरी आपल्यासोबत गुनाहमध्ये ओढावे लागते, आणि तो बहुधा आपला जवळचाच असतो. घरातली मुले हे ऐकत असतात. अब्बा नमाजही पढतात आणि मामूकडून खोटी सहीही घेतात, हे त्यांच्या मनात नोंदले जाते.

मी त्यांना सांगितले ते इथे लिहितो, म्हणजे आणखी कुणाच्या उपयोगी पडेल. आपला पगार आपल्या कामाचा मोबदला आहे. तो हलाल आहे. या पावत्यांनी तो सगळा हराम झाला असे नाही. पण त्यातील जेवढी रक्कम खोट्या साक्षीने अडवून ठेवली, तेवढे आपल्यावर देणे आहे, आणि ते देणे या देशातील सर्व माणसांचे आहे. तौबाच्या अटी आपल्याला ठाऊक आहेत: पश्चात्ताप, गुनाह सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि बंद्यांचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे. ही चौथी अट अश्रूंनी पुरी होत नाही.

ती पुरी करण्याची वाट कायद्यातही आहे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली आहे. राहिलेला कर, त्यावरील व्याज, आणि किती उशीर झाला त्यानुसार २५, ५०, ६० किंवा ७० टक्के अतिरिक्त कर भरून माणूस स्वतःहून आपली चूक दुरुस्त करू शकतो. उशीर वाढत जातो तसा बोजाही वाढत जातो. तौबा लांबवू नये हे इथे आकड्यांत लिहिलेले आहे. ज्या वर्षांची मुदत निघून गेली असेल, त्यांची रक्कम हक्कदारापर्यंत पोहोचवण्याची वाट जाणकाराला विचारून शोधावी. ती नसेलच तर सवाबच्या अपेक्षेविना ती सार्वजनिक हिताच्या किंवा गरिबांच्या कामी लावावी. आणि हजला निघण्यापूर्वी जसे माणूस कर्ज फेडतो, लोकांची माफी मागतो, तसे हे देणेही आधी फेडावे.

“आणि मेव्हण्याचे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “त्यांच्याकडे आपणच जा. ही सही घ्यायलाही आपणच गेला होता.”

वाचकहो, कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल जागचे हलण्याआधी त्याला जे विचारले जाईल त्यात संपत्तीविषयी दोन प्रश्न आहेत: कुठून मिळवली आणि कशात खर्च केली. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आपला पगार येईल, दुसऱ्याच्या उत्तरात आपली जकात, आपला हज, आपला घरखर्च येईल. या दोहोंच्या मध्ये एक साधा कागद आहे, तो दरवर्षी जानेवारीत आपल्या टेबलावर येतो. त्यावर सही करताना ती कुणासमोर करत आहोत, याचे भान असावे.

हे अल्लाह, आमच्या रोजीत बरकत दे, आमच्या हिशेबात सच्चाई दे, आणि आमच्यावर कुणाचाही हक्क बाकी असताना आम्हांला तुझ्यासमोर उभे करू नकोस. आमीन.